पहिली चूक बाहुलीवर होऊ द्या!

फर्स्ट इयरचं इलेक्ट्रॉनिक्सचं पहिलं प्रॅक्टिकल आठवतं का? रेझिस्टर न लावता एलईडीला थेट सप्लाय दिला, तो क्षणभर झगमगला आणि कायमचा विझला. सर ओरडले नाहीत. "दुसरा घे, आणि या वेळी रेझिस्टर विसरू नको," एवढंच म्हणाले. एलईडीची किंमत रुपया-दोन रुपये. पण त्या रुपया-दोन रुपयांत जे शिकलो ते आजवर विसरलो नाही. लॅब म्हणजे तरी दुसरं काय? चुका करायची परवानगी असलेली जागा!

आता विचार करा, एखाद्या नर्सचं पहिलं प्रॅक्टिकल कोणावर होतं? बाळ जन्मलंय पण रडत नाही. अंग निळसर पडलंय. आजी बाजूला देवाचं नाव घेतेय. आणि नर्सच्या हातात अंबू बॅग आहे, जी तिने आजवर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली. तिथे "दुसरा घे" म्हणणारं कोणी नसतं.

माझी मावसबहीण आपल्याच भागातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकते. दिवाळीत घरी आली तेव्हा मी सहज विचारलं, "तुमच्याकडे प्रॅक्टिससाठी डमी असतो ना?"

"आहे ना दादा. काचेच्या कपाटात आहे. आमच्या बॅचनं तर त्याला निस्ता दुरूनच पाहिला."

"काहून?"

"त्याचं फुफ्फुस फाटलं म्हणतात. दुरुस्तीवाला शहरातून बोलवा लागते. तो काही येत नाही."

त्यांच्या मॅडमची परवानगी घेऊन एका रविवारी मी आणि माझा रूममेट तिथे गेलो. डमी उघडला. आत काय होतं? एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, एक नळी, एकाच दिशेने हवा जाऊ देणारी रबरी झडप आणि छातीखाली एक स्प्रिंग. बस्स! पिशवी शिवणीवर फाटली होती, झडप कडक झाली होती. पिशवी नवीन बेतली, झडप सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापली. मेसच्या एका दिवसाच्या खर्चापेक्षाही कमी पैसे लागले. दुपारपर्यंत डमीची छाती वर-खाली व्हायला लागली आणि मुलींची लाइन लागली.

पुढचा भाग महत्त्वाचा. पहिल्या सात-आठ जणींपैकी एकीच्याही हातून पहिल्या झटक्यात हवा आत गेली नाही. कुणाचा मास्क गालाजवळून गळत होता, कुणी मान जास्तच मागे वाकवत होतं. या सगळ्या थिअरीत आपल्यापेक्षा हुशार मुली, बरं का! चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला जमायला लागलं. परतताना बसमध्ये आम्ही दोघंही गप्प होतो. ते पहिले चार प्रयत्न खऱ्या बाळावर झाले असते तर? म्हणून हा लेखप्रपंच.

या प्रकाराला इंग्रजी नाव आहे हेल्थकेअर सिम्युलेशन. नाव भारी आहे, पण अर्थ सोपा. आजारी माणसाला हात लावायच्या आधी, खऱ्यासारख्या वाटणाऱ्या खोट्या प्रसंगात हात बसवून घ्यायचा. खोटा प्रसंग म्हणजे कधी बाहुली, कधी नुसता प्लॅस्टिकचा हात, कधी कॉम्प्युटर आणि कधी पेशंटचं सोंग घेतलेला आपलाच मित्र.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. चंद्रपुरात कोळसा खाणी आहेत आणि औष्णिक वीज केंद्र आहे. ५०० मेगावॅटचा संच हाताळणाऱ्या ऑपरेटरला आधी सिम्युलेटरवर बसवतात. बॉयलर ट्रिप झाला तर काय करायचं, हे तो खोट्या पॅनेलवर शिकतो. खाणीतल्या रेस्क्यू टीमची ड्रिल होते. विमानाचं तर विचारूच नका. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने पहिला गाजलेला उड्डाण-सिम्युलेटर बनवला. त्याच्या वडिलांचा ऑर्गन-पियानो बनवायचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसा भाता वापरून त्याने खोटं विमान डोलवलं! यंत्र बिघडू नये म्हणून आपण एवढा सराव करतो. मग बाळाचा श्वास काय बॉयलरपेक्षा स्वस्त आहे?

वैद्यकातली सर्वांत प्रसिद्ध बाहुली १९६० ची, 'रेससी ॲन'. ती बनवली कोणी? डॉक्टरने नव्हे. नॉर्वेतल्या स्टाव्हँगर गावच्या ऑसमुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदाराने! मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवण्यात त्याचा हातखंडा होता. डॉक्टरांनी त्याला तोंडाने श्वास कसा द्यायचा हे समजावलं, त्याने बाहुली केली. पुढे पीटर साफार या डॉक्टरने सुचवलं की छातीत स्प्रिंग घाल, म्हणजे छाती दाबायचाही सराव होईल. झालं! एक डॉक्टर, एक खेळणीवाला आणि एक स्प्रिंग. त्यानंतर १९६७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात 'सिम वन' नावाचा कॉम्प्युटरवर चालणारा पेशंट तयार झाला. त्यातही डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून इंजिनिअर होते. सांगायचा मुद्दा, हे क्षेत्र जन्मापासून अर्धं आपलं आहे. आपण तिकडे फिरकलो नाही, एवढंच.

"हे सगळं फॉरेनचं झालं, आपल्या जंगलात काय?" असं कोणी म्हणेल. तर मित्रांनो, आपल्या जंगलाने या बाबतीत जगाला शिकवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. तेव्हा लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या सुईणींना तेवढं मोजता येत नव्हतं आणि घड्याळही नव्हतं. मग 'ब्रेथ काउंटर' तयार झाला. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. बॅटरी नाही, डिस्प्ले नाही, इंग्रजी मॅन्युअल नाही. आपल्या मशीन डिझाइनच्या पेपरात याच्यापेक्षा सुंदर डिझाइन मी तरी पाहिलं नाही.

नंतर सर्चने गावातल्याच थोडं शिकलेल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गावर इंजेक्शन, आणि न रडणाऱ्या बाळाला श्वास देणंही त्या शिकल्या. ३९ गावांत हा प्रयोग झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळाच्या जन्मानंतर घरभेटी देतात, त्या पद्धतीचं मूळ इथलं आहे. डिग्री नसलेल्या बाईचा हात एवढा तयार होऊ शकतो, हे इथेच सिद्ध झालं. मात्र तो भाषण ऐकून तयार होत नाही, पुन्हा पुन्हा करून होतो.

दुसरं उदाहरण आपल्या सीमेवरच्या बेळगावचं. दर १०० बाळांपैकी साधारण १० बाळांना पहिला श्वास घ्यायला काहीतरी मदत लागते. बहुतेकांना फक्त पुसून, चोळून चेतवलं तरी पुरतं. काहींना पिशवी-मास्क लागतो. मोठं मशीन लागणारी बाळं शंभरात एकही नसतात. पण हे सगळं पहिल्या मिनिटात व्हायला हवं. त्यासाठी 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हे प्रशिक्षण २०१० मध्ये आलं. त्यातली बाहुली नुसती पिशवीसारखी घडी करून नेता येते, पाणी भरलं की खऱ्या बाळासारखी जड होते. बेळगाव जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रसूती करणाऱ्यांना हे शिकवलं गेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. म्हणजे पूर्वी 'मेलेलं जन्मलं' म्हणून बाजूला ठेवलेली काही बाळं खरं तर जिवंत होती, फक्त श्वास घेत नव्हती! मात्र त्याच अभ्यासात जन्मानंतरच्या महिन्याभरातले मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. बाहुली म्हणजे जादू नाही.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहा. सिरोंचा ते गडचिरोली अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची बातमी पेपरात येतेच. मोठ्या शहरातल्या नर्सकडून काही चुकलं तर वरच्या मजल्यावर डॉक्टर असतो. आपल्याकडच्या उपकेंद्रात 'वरचा मजला' म्हणजे पुढचा तालुका. म्हणून सरावाची गरज शहरापेक्षा इथे जास्त आहे. आणि महागडे डमी मात्र आधी शहरात पोचतात!

सापाचं उदाहरण घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर एकच प्रतिविष चालतं. ते देणं म्हणजे नुसतं इंजेक्शन टोचणं नव्हे. साधारण १० व्हायल पावडर एकेक करून विरघळवायची, सलाइनमध्ये मिसळायची, तासाभरात द्यायची, आणि रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवायचं. रक्त गोठतंय का हे पाहायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली की निकाल चुकतो. रात्री अडीच वाजता, दारात वीस नातेवाईक उभे असताना हे सगळं पहिल्यांदा करायचं? त्यापेक्षा महिन्यातून एकदा दुपारी खोटा पेशंट झोपवा, घड्याळ लावा आणि ड्रिल करा. फोन कोण करणार, व्हायल कोण फोडणार, नातेवाइकांशी माडियात किंवा गोंडीत कोण बोलणार, सगळं आधीच ठरेल. या सिम्युलेशनला बाहुलीसुद्धा लागत नाही.

तसंच बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं. अर्धा लिटर रक्त गेलं की धोक्याची घंटा. पण लुगड्यात, चादरीत जिरलेलं अर्धा लिटर दिसतं कसं? बहुतेकांचा अंदाज कमीच येतो. लाल रंगाचं पाणी मोजून कापडावर ओता आणि ओळखायला सांगा. अंदाज चुकला तर फक्त कापड भिजलं!

आता मुख्य मुद्द्यावर येतो, म्हणजे आपल्या पोटापाण्याच्या. प्लेसमेंटच्या मोसमात होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच चर्चा असते, पुणे की बंगलोर. तिथे जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण घराशेजारी काय बदललंय तेही पाहा. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झालं. गडचिरोलीच्या महाविद्यालयाला २०२४ मध्ये १०० जागांची मान्यता मिळाली. वैद्यकीय महाविद्यालयात स्किल लॅब असणं आता नियमानेच बंधनकारक आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमातही सिम्युलेशन आलंय. म्हणजे डमी येणार, सेन्सर येणार, सॉफ्टवेअर येणार. प्रश्न एवढाच की ते कपाटात जाणार की वापरात राहणार? आणि वापरात ठेवणार कोण?

इथेच आपलं काम आहे. पहिलं काम देखभालीचं. सिम्युलेशन सेंटर चालवणारा, डमी सेट करणारा, प्रसंगाचं प्रोग्रॅमिंग करणारा, बिघाड काढणारा तंत्रज्ञ हा जगात वेगळा पेशा झालाय. 'सोसायटी फॉर सिम्युलेशन इन हेल्थकेअर' ही २००४ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था शिक्षकांसाठी वेगळं आणि अशा ऑपरेशन्स स्पेशालिस्टसाठी वेगळं प्रमाणपत्र देते. भारतात लहान मुलांच्या उपचारातल्या सिम्युलेशनसाठी 'पेडिस्टार्स' ही संस्था काम करते. दुसरं काम बनवण्याचं. मेकॅनिकलवाल्यांनी स्प्रिंग, साचे आणि सिलिकॉन पाहावं, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सेन्सर, कॉम्प्युटरवाल्यांनी सॉफ्टवेअर. तिसरं काम शिकवणाऱ्यांसोबत प्रसंग लिहिण्याचं. आपल्या डमीने मराठीत, माडियात, गोंडीत "दुखते" म्हणायला नको का? ते काम बाहेरची कंपनी कशाला करेल? ते आपणच करायचं.

"पैसे कोण देणार?" हा पुढचा प्रश्न. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेलं 'बेटिक' केंद्र डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एकत्र बसवून वैद्यकीय उपकरणं बनवतं. त्याचं जाळं नागपूरच्या व्हीएनआयटीपर्यंत आलेलं आहे, म्हणजे आपल्यापासून तीन-चार तासांवर. केंद्र सरकारच्या 'बायरॅक'ची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट नव्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत देते. आणि सामाजिक कामाची दिशाच सापडत नसेल तर बंग दांपत्याचं तरुणांसाठीचं 'निर्माण' शिबिर २००६ पासून आपल्या जिल्ह्यात होतंय. मुंबई-पुण्याची मुलं रात्रभर प्रवास करून तिथे येतात, आणि आपण बाजूला राहून जात नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा!

आता आक्षेप. मेसमध्ये हा विषय काढला तेव्हा एकजण म्हणाला, "अरे, दवाखान्यात डॉक्टर नाही, ॲम्बुलन्स नाही, अन् तू बाहुल्या काय घेऊन बसला बे!" त्याचं चुकीचं नाही. रिकाम्या जागा भरणं, रस्ते, गाड्या, औषधं हे सरकारचं काम आहे आणि ते बाहुलीने भरून निघणार नाही. उलट कोणी उद्या डमीचं उद्घाटन करून फोटो काढला आणि डॉक्टरची जागा तशीच रिकामी ठेवली तर त्याला जाब विचारायलाच हवा. पण म्हणून आहे त्या नर्सचा हात कच्चा ठेवायचा का? गाडी पोचेपर्यंतची ती दहा-वीस मिनिटं, किंवा दोन-तीन तास, तिलाच सांभाळायची असतात.

दुसरा आक्षेप असा की डमीवर शिकलेलं खऱ्या पेशंटवर चालत नाही. अर्धा खरा आहे. डमी रडत नाही, त्याची आई किंचाळत नाही, त्याचं अंग ओलं-निसरडं नसतं. म्हणून डमी हा सीनियर नर्सच्या हाताखाली शिकण्याला पर्याय नाही, ती त्याच्या आधीची पायरी आहे. क्रिकेटमध्ये नेट प्रॅक्टिस केली म्हणजे सेंच्युरी ठोकता येते असं नाही, पण नेट न करता मॅचला उतरणाऱ्याला आपण काय म्हणतो?

तेव्हा माझी सूचना साधी आहे. दर वर्षी आपल्याकडे फायनल इयरचे प्रोजेक्ट होतात. त्यातले बरेच कुठून येतात आणि कुठे जातात हे आपल्यालाही माहीत आहे आणि सरांनाही! (सर, राग नसावा.) लाइन फॉलोअर रोबो आता पुरे झाले. दर वर्षी प्रत्येक ब्रँचमधून निदान एक प्रोजेक्ट जवळच्या नर्सिंग स्कूल, आरोग्य केंद्र किंवा मेडिकल कॉलेजच्या गरजेवर व्हावा. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची असते, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एक स्प्रिंग, एक अंतर मोजणारा सेन्सर आणि एक अर्डुइनो यांत "कमी दाबलं", "बरोबर", "हळू होतंय" असं मराठीत सांगणारी छाती बनू शकते. मास्क गळतोय की नाही हे दिव्याने दाखवणारी बाळाची बाहुली बनू शकते.

अट एकच, आधी नर्सला विचारा. आपण रूममध्ये बसून सर्किट ठरवायचं आणि नंतर त्याला पेशंट शोधायचा, हे उलटं आहे. ब्रेथ काउंटर बनला तो सुईणीला काय येत नाही आणि काय येतं हे पाहून बनला. दुसरं, जे बनवाल ते इथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंनी दुरुस्त होईल असं बनवा. आणि तिसरं, बनवलेलं चालतं की नाही हे तिथल्या शिक्षिकांना तपासू द्या. चुकीचं शिकवणारा डमी हा डमी नसण्यापेक्षा वाईट, कारण चुकीची सवय हातात पक्की बसते.

प्राध्यापक मंडळींनाही विनंती, की एक दिवस आमच्यासोबत नर्सिंग स्कूलमध्ये चला. जुने, बंद पडलेले डमी आपल्या वर्कशॉपमध्ये आणायची परवानगी मिळवून द्या. सुरुवात दुरुस्तीपासून करू. दुरुस्त करता करताच बनवायचं कसं ते कळतं, हे आपल्याला बाईक उघडणाऱ्या प्रत्येक हॉस्टेलरने सिद्ध करून दाखवलंय!

परवा मावसबहिणीचा फोन आला होता. तिची लेबर रूमची ड्यूटी सुरू झालीय. मी विचारलं, "भीती वाटते का गं?" म्हणाली, "वाटते ना. पण हाताले माहीत आहे आता."

हाताला माहीत असणं, मित्रहो, एवढीच गोष्ट आहे. ती कपाटात बंद आहे. पाना आपल्याकडे आहे.

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)